पुरुषांचा शनिवार

"तुमचं नाव घातलंय तिनं यादीत," असं म्हणत सोराइदाने काढ्याचा पेला सिल्व्हानोच्या हातात दिला आणि हवापाण्याचं काही बोलून झाल्यासारखी ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. सिल्व्हानोने घोट घेतला. जवसाचा, लिंबू पिळलेला काढा फार कढत होता. जीभ पोळली, पण पोळल्याचं त्याला जरा वेळाने कळलं. सोमवारची सकाळ होती. जूनमधलं लिमाचं करडं आभाळ इतकं खाली आलं होतं की डोंगरावरच्या वरच्या घरांचे पत्रे त्यात बुडून गेले होते, आणि पाऊस नसतानाही हातगाडीच्या छताच्या कडेला थेंब जमत होते. त्यातला एक फुगत फुगत लोंबला, पण पडला नाही. सिल्व्हानो त्याच्याकडे बघत राहिला. अकरा महिने त्याची मुलगी तुरुंगात होती, आणि अकरा महिन्यांत नोएमीने भेटीच्या यादीत बापाचं नाव घातलं नव्हतं. शेजारणीचं, म्हणजे सोराइदाचं, घातलं होतं, शाळेतल्या एका मैत्रिणीचं घातलं होतं. सोराइदा एक रविवार आड जाऊन यायची. तिच्याबरोबर तो साबण पाठवायचा, दात घासायची पेस्ट, लोकरीचे गुंडे. "काय म्हणाली?" असं त्याने कधी विचारलं नाही आणि सोराइदानेही आपणहून सांगितलं नाही. यादीत नाव नाही म्हणजे जाता येत नाही. हे त्याच्या हळूहळू अंगवळणी पडलं होतं, आणि खरं सांगायचं तर सोयीचंही झालं होतं. दार आतून बंद असलं की ते वाजवायचं राहून गेलं तरी कुणी बोल लावत नाही. आता आतून कडी निघाली होती.

"या शनिवारी," गर्दी ओसरल्यावर सोराइदा म्हणाली. "शनिवार पुरुषांचा, रविवार आमचा."

"शनिवारी एक गिअरबॉक्स द्यायचाय मला."

"गिअरबॉक्स!" तिने पळी पातेल्यावर आपटली. "मिस्त्री, जरा तरी लाज बाळगा. माझी बहीण तीन वर्षं होती तिथं. पुरुषांच्या तुरुंगाबाहेर बघा जाऊन, पहाटेपासून बायका उभ्या. डबे काय, कडेवर पोरं काय, ओठाला लाली काय! आणि बायकांच्या तुरुंगाबाहेर शनिवारी? कुत्रं फिरकत नाही. नवरे पहिल्या महिन्यात दोनदा येतात, डोळे पुसतात, मग त्यांना कुठून कुठून गिअरबॉक्स आठवतात."

"मी नाही म्हणालो का?"

"हो तरी कुठं म्हणालात?"

सोराइदाने मग नियम सांगितले आणि त्याने ते स्पार्क प्लगच्या रिकाम्या खोक्यावर लिहून घेतले. बूट चालत नाहीत, बिनलेसची चप्पल. पट्टा नाही, टोपी नाही, घड्याळ नाही. जेवण न्यायचं तर आरपार दिसेल अशा डब्यात, हाड काढून. अननस नाही, द्राक्षं नाहीत, आत बायका त्यांची दारू गाळतात. काळे कपडे नकोत, हिरवे नकोत, निळे नकोत. ओळखपत्र फाटकं नको. त्याने सगळं उतरवलं आणि खाली, काही सुचलं नाही म्हणून, एक रेघ ओढली.

घरी येऊन त्याने कपाट उघडलं तेव्हा कळलं की आपल्याकडे निळे आणि काळे सोडून कपडेच नाहीत. निळे म्हणजे गॅरेजमधले, तेलाने कडक झालेले. काळा म्हणजे एकच सूट, चार वर्षांपूर्वी नोएमीच्या आईच्या अंत्यविधीला शिवलेला. सहासष्ट वर्षं जगून माणसाकडे कामाचे कपडे आणि मरणाचे कपडे एवढेच उरावेत, याचं त्याला वाईट वाटलं नाही, फक्त थकवा आला. तो पलंगावर बसला. काळ्या कोटाच्या बाहीला अजून चर्चमधल्या मेणाचा एक ठिपका होता. तो ठिपका नखाने खरवडत त्याने किती वेळ काढला कोण जाणे. खाली रस्त्यावर गॅसवाला ओरडत आला आणि ओरडत गेला. दुपारी सोराइदाने एक करडी पँट आणि एक चॉकलेटी स्वेटर आणून दिला. तिच्या नवऱ्याचा. नवरा मेला नव्हता, एकोणीस वर्षांपूर्वी पळून गेला होता. "वाटेत भेटलाच तर काढून द्या," ती म्हणाली, "आणि त्याला म्हणावं, कोपरावर ठिगळ मी लावलंय, त्याचं वेगळं द्यायचं."

चपला मात्र घ्याव्या लागल्या. बुधवारी तो बाजारात गेला. टायरच्या रबराच्या चपला एका ओळीने टांगलेल्या होत्या, आणि जवळ जाताच रबराच्या वासाने तो एकदम आठ वर्षांचा झाला. आयाकुचोच्या डोंगरात त्याच्या गावाला सगळेच टायरच्या चपला घालत. लिमाला आला तेव्हा सतराचा होता, आणि बसमधून उतरल्याबरोबर सगळ्यांच्या नजरा आपल्या पायांवर आहेत असं त्याला वाटलं होतं. पहिला पगार झाल्यावर त्याने बूट घेतले, आणि चपला समुद्रात फेकायला म्हणून तो दीड तास चालत गेला होता. तेव्हापासून पायात चप्पल नाही. घरातसुद्धा नाही. नोएमी लहान असताना म्हणायची, पापा बूट घालून झोपतात. आता त्याने चप्पल पायात चढवली, आणि म्हातारे, फुगलेल्या शिरांचे, नखं पिवळी पडलेले ते पाय कुणा दुसऱ्याचे असावेत तसे त्याने पाहिले. रबर थंड होतं. रबराचा वास बोटांना लागला होता, आणि त्या वासामागून, तो नको म्हणत असताना, ती संध्याकाळ आली.

ती संध्याकाळ त्याने इतक्या वेळा उघडून पाहिली होती की तिचे आटे झिजले होते. नोएमी शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायची; नऊ मुलं, सगळी याच डोंगरावरची. "ब्रेक जरा मऊ लागतोय पापा," ती म्हणाली, आणि तो व्हॅनखाली शिरला. ब्रेकमधली हवा काढायला दोघं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकामागचा छोटा स्क्रू सैल करायचा आणि आवळायचा. हे काम नोएमी लहानपणापासून करायची, पाय पुरत नव्हते तेव्हा पेडलवर उभी राहून करायची. "दाब," तो खालून म्हणायचा. "धर." नळीतून बुडबुडे यायचे. "सोड." दाब, धर, सोड. बापलेकीत याहून जास्त बोलणं फारसं झालंच नाही, आणि कमी पडलं असंही त्याला कधी वाटलं नाही. एक चाक झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्याला, मागच्या डाव्या चाकाला, टँकरचा भोंगा वाजला. वरच्या वस्तीला पाणी आठवड्यातून दोनदा, आणि टँकरवाला कुणासाठी थांबत नाही. दोघं धावली. पिंपं भरली, पाइप सुटून अंगण भिजलं, नोएमी हसत होती. मग ती स्वयंपाकाला गेली आणि तो एकटा परत व्हॅनखाली गेला. उजेड कमी झाला होता. डाव्या डोळ्यावर दोन वर्षं दुधाची साय धरल्यासारखं होत होतं. ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण मिस्त्रीचे डोळे बोटांत असतात असं तो स्वतःला सांगायचा. बोटांनी स्क्रू चाचपला. नळी काढली. आणि मग? स्क्रू आवळताना शेवटी मनगटाला एक अटकाव लागतो, बस म्हणणारा. पहिल्या तीन चाकांचा अटकाव त्याच्या मनगटात अजून होता, मागितला तर येत होता. चौथ्याचा येत नव्हता. नाही येत म्हणजे आवळला नाही असंही नव्हे. माणूस जन्मभरात लाखभर स्क्रू आवळतो, प्रत्येकाची आठवण हात कशाला ठेवतील? "झालं का पापा?" आतून नोएमीने विचारलं. "झालं," तो म्हणाला. ते 'झालं' मात्र स्वच्छ आठवत होतं, कपाळाला लागलेल्या चिखलासकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या उतारावर पेडल तळाला गेलं. नोएमीने व्हॅन भिंतीवर घातली. घातली नसती तर खालच्या चौकात गेली असती. आठ मुलांना खरचटलं. नववी, अब्रिल, सात वर्षांची, पुढच्या सीटवर होती. मागचा आस उखडून निघाला, त्यामुळे कुठला स्क्रू कसा होता हे कुणाला कळण्याजोगं उरलं नाही. पोलीस ठाण्यात नोएमी बाकावर बसली होती, तो भिंतीशी उभा होता. "ब्रेक कुणाला दाखवले होते?" असं अंमलदाराने विचारलं. नोएमीने मान वर केली, बापाकडे बघितलं, नुसतं बघितलं, आणि म्हणाली, "आठवडाभर मऊ लागत होते. कुणाला दाखवले नाहीत." अंमलदाराने ते लिहिलं. सिल्व्हानोने तोंड उघडलं होतं. त्याला आठवतं, त्याने खरंच तोंड उघडलं होतं, आत थंड हवा गेली होती. आणि मग ते मिटलं.

"देऊ का बांधून?" चपलांच्या दुकानातली बाई विचारत होती. बहुधा दुसऱ्यांदा.

डबा घ्यायला तो पलीकडच्या रांगेत गेला. प्लास्टिकचे डबे एकात एक बसवून उंच रचले होते. एक उचलून तो उजेडाकडे धरून बघत होता, आरपार दिसतं का, आणि डब्याच्या पलीकडे रोसाउरा उभी होती. अब्रिलची आई. तिचं घर त्याच्या घरापासून दोन पायऱ्यांच्या वाटा सोडून खाली, आणि वर्षभर तो लांबच्या वाटेने चढत होता, एकशे चाळीस पायऱ्या जास्तीच्या. लांबून ती त्याला दिसली होती, लेकीच्या पांढऱ्या शवपेटीमागे चालताना, आणि तेव्हा तो एका विजेच्या खांबाआड उभा होता. एवढ्या जवळून आत्ताच. ती बारीक झाली होती. तिच्या पिशवीतून कांद्याची पात डोकावत होती. तिने डब्याकडे बघितलं. या शहरात असा डबा असा उजेडात धरून लोक कशासाठी बघतात, ते डोंगरावरच्या कुणालाही कळतं.

"भेटायला चाललात?"

"हो," तो म्हणाला. "शनिवारी. पहिल्यांदाच."

तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. आता ती काहीतरी बोलेल आणि ते आपण ऐकून घेऊ, अशी त्याने मनातल्या मनात पाठ वाकवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांची त्याची तयारी होती.

"तिला एक विचाराल?" रोसाउरा म्हणाली. "माझी पोर काही बोलली का? शेवटी. ती पुढं बसलेली ना, नोएमीशेजारी. मुलांना विचारलं मी, त्यांना काही आठवत नाही. ती बडबडी होती. काही न बोलता गेली असेल असं मला वाटत नाही."

त्याला अब्रिल आठवली. व्हॅनची वाट बघत ती गॅरेजच्या दारात उभी राहायची आणि भिंतीवरच्या हत्यारांची नावं विचारायची. हे काय? पाना. आणि हे? तोही पानाच. मग दोन्हींचं नाव एकच का? त्यांना राग नाही येत?

"विचारतो," तो म्हणाला.

"जे असेल ते सांगा. गोड करून नका सांगू." आणि ती कांद्याची पात सावरत निघून गेली. दुकानदार म्हणाला, मिस्त्री, डबा चेपला तुम्ही, आता घ्यावाच लागेल.

गुरुवार गेला. शुक्रवारी त्याने न्हाव्याकडे जाऊन केस कापून घेतले, ओळखपत्राला प्लास्टिक लावून घेतलं, हातांना रॉकेल चोळलं. हातांच्या रेघांतलं काळं निघत नव्हतं; चाळीस वर्षांचं ते. मग सोराइदा आली आणि स्टुलावर बसून हुकूम सोडू लागली. नोएमीला आवडायचा म्हणून कोथिंबिरीचा हिरवा भात आणि कोंबडी करायची ठरलं होतं. बायको गेल्यापासून तो बाजारातल्या खानावळीत जेवत होता. चूल म्हणजे चहाच्या पाण्यापुरती. "कोथिंबीर वाटा. अहो, वाटा म्हणजे वाटा, तिला घाबरवू नका नुसतं," सोराइदा म्हणत होती. "मीठ. तांदूळ मग. कोंबडीची हाडं काढलीत का? तिथल्या बाया सुरी खुपसून बघतात, हाड लागलं की सगळा डबा बाजूला." तो वाटत होता, ढवळत होता, आणि वाफेत तोंड धरून मनात एक वाक्य जुळवत होता. ते आठवडाभर चाललं होतं. चौथ्या चाकाचा स्क्रू मी. मी तो स्क्रू. त्या दिवशी टँकर आला नसता तर. नाही, टँकर नको त्यात. मी तुला 'झालं' म्हणालो. वाक्य सुरू व्हायचं आणि क्रियापदाशी येऊन थांबायचं, चढावर दम लागलेल्या गाडीसारखं. आवळला नाही म्हणावं तर ते त्याला ठाऊक नव्हतं. आठवत नाही म्हणावं तर ती पळवाट वाटत होती. "मीठ घातलंत का?" सोराइदाने विचारलं, आणि तो म्हणाला, "घालतो."

"नोएमी रागावलेली नाहीये," सोराइदा अचानक म्हणाली. ती स्वेटरच्या ठिगळाचा सुटलेला धागा दाताने तोडत होती. "तुम्ही विचारत नाही म्हणून सांगत नव्हते. दर वेळी विचारते, पापा जेवतात का. मी म्हणते, जेवतात, आणि तुझ्याइतकेच गप्प बसतात."

त्याने मान हलवली. रागावली नाही, हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. राग असता तर त्याच्या समोर उभं राहता आलं असतं.

शनिवारी सकाळी सहालाच तो तुरुंगाच्या भिंतीशी पोचला. रांग म्हणावी असं काही नव्हतंच. बारा-तेरा पुरुष, एकमेकांपासून हात-हातभर लांब, प्रत्येक जण आपल्या पायांकडे बघणारा. बहुतेक म्हातारे. बाप. एकाने मुलाखतीला आल्यासारखे केस चापून बसवले होते. चपलांतल्या पायांना गारठा झोंबत होता, आणि आभाळातून ती नेहमीची ओल उतरत होती, धड धुकं नाही, धड पाऊस नाही. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. बायकांच्या रांगेत मैत्री होते, भांडणं होतात, असं सोराइदा म्हणाली होती, इथे एवढंच झालं की चापून केस बसवलेला माणूस म्हणाला, "पहिल्यांदा?" आणि सिल्व्हानो म्हणाला, "हो," आणि तो म्हणाला, "दुसऱ्यांदा सोपं जात नाही. सांगतात लोक, पण नाही जात." आठाला दार उघडलं. मग एका बाईने बाही वर सारून त्याच्या हातावर जाड पेनाने आकडा लिहिला, दुसरीने मनगटावर शिक्का उठवला, तिसरीने डबा उघडून भातात सुरी खुपसली, चार ठिकाणी, न बघता. चौथ्या खोलीत एका माणसाने त्याला चपला काढायला लावल्या, त्या उलट्या करून वाकवल्या, आणि विचारलं, "कुणाला भेटायचंय?"

"नोएमी अनाम्पा. मुलगी."

"काय केलंय?"

हे विचारायचं त्याला काही कारण नसावं. सहज विचारलं असावं. पण सिल्व्हानो अडखळला. "ब्रेक," तो म्हणाला. माणसाने खांदे उडवले आणि पुढे जा अशी खूण केली.

आत फरसबंद चौक होता, प्लास्टिकची टेबलं होती, कुठेतरी रेडिओवर नाचाचं गाणं लागलं होतं. बायका विणत होत्या, हसत होत्या, एक जण दुसरीचे केस रंगवत होती. हे सगळं इतकं साधं होतं की त्याला ते पेलेना. नोएमी उठून उभी राहिली. केस कापले होते, कानांपर्यंत. ती पस्तिशीची होती आणि तशीच दिसत होती. तो तिला वर्षभर मनात बारा वर्षांची करून बसला होता, हे त्याला तेव्हा कळलं.

"आलास."

"आलो."

"स्वेटर कुणाचा?"

"सोराइदाच्या नवऱ्याचा."

"परत आला तो?"

"नाही."

ती हसली, आणि मग दोघांनी एकमेकांना धरलं, नीट न जमता, मध्ये डबा घेऊन. बसल्यावर तिने डबा उघडला आणि खायलाच लागली, भुकेपेक्षा हाताला काम म्हणून. "मीठ दोनदा घातलंयस," ती म्हणाली आणि खात राहिली. तो तिचे हात बघत होता. नखं स्वच्छ होती. त्याला बोलायचं होतं ते वाक्य तोंडाशी आलं, क्रियापदाशी थांबलं, आणि त्याच्या जागी दुसरंच बाहेर पडलं.

"रोसाउरा भेटली. तिने विचारलंय, अब्रिल शेवटी काही बोलली का."

नोएमीचा चमचा थांबला. "कुणीतरी विचारेल असं मला वाटायचं," थोड्या वेळाने ती म्हणाली. "पोलिसांनी नाही विचारलं. वकिलानेही नाही." तिने चमचा खाली ठेवला. "म्हणाली, 'हळू ना, नोएमी.' आणि हसली. त्या उतारावर मी रोज जरा जोरात घ्यायची, पोरांना पोटात गुदगुल्या व्हायच्या म्हणून. तिला वाटलं, आजही मुद्दामच. ती घाबरली नव्हती, पापा. तिला कळलंच नाही."

रेडिओवरचं गाणं संपलं आणि दुसरं सुरू झालं.

"स्क्रू मी आवळला नव्हता," सिल्व्हानो म्हणाला. आपण हे म्हणालो हे त्याला कानांनी कळलं. "चौथा. आठवत नाही मला. पण नव्हता आवळला."

"माहीत आहे."

"माझा डावा डोळा गेलाय."

"तेही माहीत आहे. तेव्हाच दोन वर्षं पेपर तिरका धरून वाचत होतास." ती त्याच्याकडे बघत होती, ठाण्यात बघितलं होतं तशीच. "तुला वाटतं मी तुला वाचवलं. इथल्या बायकांनाही वाटतं. बापासाठी आत गेली म्हणून मला दूध जास्त देतात. तेच मला सोसेना झालंय. ऐक. त्या दिवशी सकाळी मागचं डावं चाक आतून ओलं होतं. मी म्हटलं, काल टँकरचं पाणी सांडलं, तेच. मग वाकले आणि बोट लावलं. मिस्त्रीची पोर मी. पाणी कुठलं आणि ब्रेकचं तेल कुठलं, मला बोटाला कळत नाही? सात वाजून दहा मिनिटं झाली होती. तुला हाक मारली असती तर तू अर्धा तास व्हॅनखाली पडून राहिला असतास. मी बोट पँटला पुसलं आणि निघाले."

त्याने तिच्या बोटांकडे पाहिलं.

"ठाण्यात तुझं नाव घेतलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. बापाने दुरुस्त केलं, मग सकाळी तू नाही का बघितलंस? तो प्रश्न मला नको होता. म्हणून म्हटलं, कुणाला दाखवलं नाही. मी मला वाचवलं, पापा. तू समोर आलास तर हे सांगावं लागेल, म्हणून तुझं नाव घातलं नव्हतं."

अकरा महिने ज्या चुकीला तो एकट्याची समजून रोज हात लावून बघत होता तिचा दुसरा अर्धा भाग इथे, या चौकात, तिच्याजवळ होता. त्याला राग यायला हवा होता, किंवा हायसं वाटायला हवं होतं. त्याने आत शोधून पाहिलं. दोन्ही नव्हतं. तिने बोट पँटला पुसलं ते फक्त दिसत होतं, ती घाई, सात वाजून दहा. आणि ते इतकं आपल्यासारखंच होतं.

"आता?" त्याने विचारलं.

"आता ते लिहिलेलं हवंय मला. दोन्ही. तुझंही, माझंही. पुढच्या महिन्यात निकाल आहे. माझी वर्षं वाढतील. तुझी सुरू होतील कदाचित."

"सोमवारी जातो सरकारी वकिलाकडे."

"आपल्या वकिलाला बरोबर ने. तो अडवेल, ऐकू नकोस."

"आणि रोसाउरा?"

"तिला आधी सांग. उद्या. कागदावरून नको कळायला." तिने डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "'हळू ना' म्हणाली आणि हसली, ते पण सांग. आणि चाक ओलं होतं ते पण. सगळं एकदम सांग, थांबून थांबून नको."

"जवळच्या वाटेने जातो," तो म्हणाला. तिला ते कळलं नसावं, पण तिने विचारलं नाही.

बोलायचं काही उरलं नव्हतं, आणि वेळ मात्र उरला होता. चौकात कुठून तरी ऊन आल्यासारखं झालं. ऊन नव्हे, आभाळ जरा पातळ झालं असावं. त्याचे खांदे दुखत होते, गुडघे दुखत होते, जिभेला मिठाची चव होती. शेजारच्या टेबलावर चापून केस बसवलेला तो माणूस आपल्या मुलीला काहीतरी समजावत होता आणि ती नाही-नाही म्हणत होती. त्यांचे शब्द लांब लांब जाऊ लागले. "झोप येतेय का पापा?" नोएमीने विचारलं. "छे," तो म्हणाला, आणि जरासं टेकावं म्हणून त्याने हातावर, त्या आकड्यावर, गाल ठेवला. टेबल थंड होतं. कुणीतरी त्याच्या पाठीवर स्वेटर सारखा केला. रेडिओ, बायकांचं हसणं, सुयांची टिकटिक, सगळं पाण्याखालून आल्यासारखं येत राहिलं, आणि त्यात खूप दूर एक घंटा वाजली.

"अगं, उठव बापाला," कुणी तरी बाई म्हणाली. "वेळ झाली."

"ही पहिलीच घंटा आहे," त्याने नोएमीचा आवाज ऐकला. "अजून दोन व्हायच्यात. झोपू दे."